पिल्लांसोबत त्यांची माहितीही लेखी मिळावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या परड्यात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांना पिल्ले विकत घेताना ती कोणत्या जातीची आहेत, कोणत्या तारखेला अंड्यातून बाहेर पडली आणि त्यांना कोणती लस दिलेली आहे, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी मिळावीत, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या दैनिकातून शेतीच्या व पशुपालनाच्या प्रश्नांना नेहमी जागा मिळते. परंतु हजारो पक्ष्यांचे शेड असणाऱ्या व्यावसायिकाचे प्रश्न वेगळे आणि घराच्या मागच्या अंगणात खुराडे असणाऱ्या बाईचे प्रश्न वेगळे, हे सहसा कोणी मांडत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत राहते, अनेक वर्षे कोंबड्या पाळते आणि आमच्या महिला बचत गटातील बहुतेक घरांत हाच जोडधंदा आहे, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

हा विषय थोड्या घरांचा आहे, असे कोणी समजू नये. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसातले होते, आणि परसातल्या पक्ष्यांची संख्या आधीच्या गणनेच्या तुलनेत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. हे पक्षी सांभाळण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. अंडी विकून आलेला पैसा त्यांच्या स्वतःच्या हातात राहतो, मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि औषधपाण्याला तो उपयोगी पडतो. पूर्वी घरचीच कोंबडी खुडूक बसवून पिल्ले काढली जात. आजही जातात, पण अंड्यांची व मांसाची मागणी वाढली, गावठी कोंबडीला भाव आला, आणि त्यामुळे पिल्ले बाहेरून विकत घेणाऱ्यांची संख्याही वाढली. ही खरेदी कशी होते, ते एकदा आठवडा बाजारात उभे राहून पाहावे.

मोटारसायकलच्या मागे प्लॅस्टिकचे क्रेट किंवा बांबूची डालगी बांधून विक्रेते येतात. क्रेटमध्ये पिल्ले एकमेकांवर चढलेली असतात. काही तपकिरी, काही काळी, काही पट्ट्यापट्ट्यांची, आणि त्यांच्या शेजारी गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगात रंगवलेली. विचारले की सगळी ‘गावरान’. भाव नगावर ठरतो, पैसे रोख दिले जातात, पिल्ले भोके पाडलेल्या खोक्यात किंवा चक्क पिशवीत घालून दिली जातात आणि विक्रेता पुढच्या गावाला निघून जातो. पुढच्या आठवड्यात तोच मनुष्य पुन्हा येईल, याची खात्री नसते. आठ दिवसांत निम्मी पिल्ले मेली, तर दाद मागायची कोणाकडे? पावती नाही, विक्रेत्याचे नाव नाही, उबवणी केंद्र कोणते तेही ठाऊक नाही.

रंगवलेल्या पिल्लांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे. ती बहुतेक वेळा अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या लेअर जातींमधील नर असतात. लेअरच्या उबवणी केंद्रांत पिल्लू बाहेर पडताच नर-मादी वेगळे केले जातात. मादी पिल्ले व्यावसायिकांकडे जातात आणि नरांना त्या धंद्यात काहीच किंमत नसल्याने ते अगदी स्वस्तात बाहेर पडतात. तेच रंगवून मुलांची खेळणी म्हणून किंवा न रंगवता गावठी म्हणून विकले जातात. ते अंडे देणार नाहीत हे उघडच आहे, शिवाय मांसही सावकाश आणि थोडेच चढते. रंगवण्यासाठी एक-दोन दिवसांच्या जिवाला ओले करावे लागते, आणि त्या वयात पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नसल्यामुळे त्या भिजण्यानेच कित्येक पिल्ले मरतात. दुसरीकडे ब्रॉयलरची पिल्लेही गावरान म्हणून खपवली जातात. ती पहिल्या महिन्यात भराभर वाढतात, घेणाऱ्याला आनंद होतो, आणि मग पायांत जोर न राहिल्याने किंवा उन्हाळ्याच्या झळांनी धापा टाकत मरतात. परड्यात हिंडून किडा-मुंगी वेचणे, घार आली की झुडपात शिरणे, हे त्यांच्या जातीकडून होणे नाही.

आता कोणी म्हणेल की अशी माहिती द्यायची तर मोठी यंत्रणा उभारावी लागेल. मला तसे वाटत नाही, कारण माहिती आधीच लिहिलेली असते. व्यावसायिक उबवणी केंद्रातून पिल्ले निघतात ती पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. एका खोक्यात २५-२५ चे चार कप्पे, म्हणजे १०० पिल्ले, आणि रिवाजाप्रमाणे शेकड्यामागे दोन जादा. त्या खोक्यासोबत किंवा मालाच्या चलनावर केंद्राचे नाव, पिल्लांचा प्रकार व उबवणीची तारीख यांची नोंद असते. मोठा शेतकरी पूर्ण खोकी घेतो, त्यामुळे त्याला सर्व माहिती मिळते. आम्हाला हवी असतात पंधरा किंवा वीस. म्हणून खोके फुटते ते दलालाच्या घरी, आणि खोक्यावरची माहिती तिथेच राहते. ती शेवटच्या खरेदीदारापर्यंत आणायला हातभर कागदही लागत नाही, बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी पुरेशी आहे.

जात माहीत असणे का आवश्यक आहे, ते थोडे विस्ताराने सांगते. आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, अंडे लहान असते, परंतु ती खुडूक बसते, पिल्ले काढते, त्यांना घेऊन हिंडते आणि मुंगसापासून वाचवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया ही मुख्यतः अंड्यांसाठी आहे आणि गावठीच्या दुपटीहून जास्त अंडी देते. त्याच संस्थेची वनराज अंडी व मांस दोन्हींसाठी आहे, अंगाने भरते, पण तिचे वजन वाढले की चपळाई कमी होते आणि रानालगतच्या वाडीत ती कोल्ह्या-मुंगसाच्या तावडीत लवकर सापडते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आलेली गिरिराज आपल्याकडे खूप वर्षे रुजलेली आहे. या सर्व सुधारित जातींमध्ये खुडूक बसण्याची वृत्ती फार कमी असते. म्हणजे ज्या घराला दरवर्षी नव्याने पिल्ले विकत घ्यायची नाहीत, त्या घराने केवळ सुधारित पिल्ले घेऊन भागत नाही. सोबत दोन-चार गावठी माद्या ठेवाव्याच लागतात. शिवाय संकरातून आलेल्या या पक्ष्यांची अंडी घरी उबवून पुढची पिढी काढली, तर ती आईबापांच्या तोडीची निघत नाही. ही गोष्ट घेणाऱ्याला आधी सांगितली, तर तो आपल्या गरजेप्रमाणे निवड करील. न सांगता विकणे म्हणजे पुढच्या दोन वर्षांचा हिशेबच चुकवणे आहे.

कडकनाथच्या बाबतीत तर महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजली आहे. ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागाची जात, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पाठोपाठ तिच्या काळ्या मांसाच्या गुणांविषयी अतोनात बोलबाला झाला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून जो कडकनाथ घोटाळा उघडकीस आला, त्यात पिल्ले देऊन अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचे आश्वासन दिलेले होते आणि अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. तो व्यवहार मोठा होता म्हणून बातमी झाली. पण काळी पिसे दिसली की कडकनाथ म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने पिल्लू गळ्यात मारण्याचा छोटा व्यवहार आजही बाजारात चालू आहे, आणि काळे पिल्लू ऑस्ट्रालॉर्प या दुसऱ्या काळ्या जातीचे असू शकते किंवा कुठल्याही मिश्र कोंबडीचेही असू शकते.

उबवणीच्या तारखेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अंडे २१ दिवसांनी फुटते, आणि बाहेर येण्यापूर्वी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस दाणा-पाण्यावाचून तग धरते, म्हणूनच एक दिवसाची पिल्ले लांबच्या प्रवासाला पाठवता येतात. पण या निसर्गाच्या सोयीचा गैरफायदा घेतला जातो. न विकलेली पिल्ले तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी दुसऱ्या बाजारात ‘आजचीच’ म्हणून मांडली जातात. त्यांची शिदोरी संपलेली असते, चोचीत पाण्याचा थेंब गेलेला नसतो आणि घरी आणल्यावर ती कितीही जपली तरी एकेक करून मान टाकतात. घेणाऱ्या बाईला वाटते, आपल्या हातून काही चुकले. तारीख लिहिलेली असती तर तिने ती घेतलीच नसती.

चिठ्ठी मिळेपर्यंत निदान डोळ्यांनी पारख करावी, यासाठी माझ्या भगिनींना काही खुणा सांगाव्याशा वाटतात. अगदी ताज्या पिल्लाच्या चोचीच्या टोकावर बारीक पांढरा दाणा असतो, ज्याने ते अंड्याचे कवच फोडते. तो दोन-तीन दिवसांत गळून पडतो. पंखाकडे पाहावे: पहिल्या दिवशी पंखाच्या कडेची पिसे अगदी आखूड असतात, तीन-चार दिवसांत ती लांबलेली स्पष्ट दिसतात. पिल्लू हातात घेऊन पोटाखालची बेंबी पाहावी. ती कोरडी आणि पूर्ण मिटलेली हवी, तिथे ओलसरपणा, दोरा किंवा काळी खपली असेल तर त्या पिल्लाच्या पोटात रोग शिरलेला असण्याचा संभव फार. पाठीवर उताणे ठेवले की निरोगी पिल्लू क्षणात उलटून उभे राहते. डोळे टवटवीत, पाय सरळ व तुकतुकीत, शेपटीखालची जागा स्वच्छ असावी. आणि एकच पिल्लू न पाहता सगळा क्रेट पाहावा, कारण त्यात चार पेंगलेली असतील तर उरलेली चांगली दिसत असूनही धोक्यात असतात. वेगवेगळ्या आकारांची पिल्ले एकत्र असतील तर ती वेगवेगळ्या घाण्यांतली, वेगवेगळ्या तारखांची आहेत असे समजावे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांमध्ये कोंबड्यांसाठी २००१ साली जे प्रकरण जोडले गेले, त्यात एका पेटीत एकाच वयोगटाचे पक्षी असावेत, असे सांगितलेलेच आहे. नियम आहे, आमच्या बाजारात मात्र तो कोणी तपासल्याचे मी पाहिलेले नाही.

लसीची कथा आणखी वेगळी. मरेक्स रोगाची लस पिल्लू बाहेर पडल्याबरोबर उबवणी केंद्रातच टोचावी लागते, नंतर ती टोचून विशेष उपयोग होत नाही. त्यामुळे ती टोचली आहे की नाही, हे विक्रेत्याशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. पुढच्या लसी पाळणाऱ्याने द्यायच्या असतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची, चार आठवड्यांनी पुन्हा लासोटा, सहा आठवड्यांच्या पुढे देवीची आणि आठ आठवड्यांच्या सुमारास मानमोडीचे इंजेक्शन. जन्मतारीख माहीत नसेल, तर हे वेळापत्रक सुरू करायचे कोणत्या दिवसापासून? मानमोडी एकदा वाडीत शिरली की घरेच्या घरे रिकामी करते, हे कोकणात कोणालाही विचारावे. आदल्या दिवशी दाणे टिपणारी कोंबडी दुसऱ्या दिवशी मान वेडीवाकडी करून गिरक्या घेऊ लागते, हिरवी हगवण होते, आणि लागण झाल्यानंतर तिच्यावर औषध नाही. जो उपाय आहे तो लसीचाच.

मात्र लस मिळवण्यात मोठी अडचण अशी की सर्वांत लहान बाटलीसुद्धा साधारण १०० पक्ष्यांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांची मालकीण अख्खी बाटली आणून ऐंशी मात्रा फेकून देणार नाही. ती लसच देत नाही. औंध, पुणे येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत मानमोडीची लस तयार होते, ती दवाखान्यांपर्यंत पोहोचते, तरीही शेवटच्या घरात ती जात नाही याचे कारण केवळ हे आहे. गावातील सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले घेतली आणि पशुधन पर्यवेक्षकांनी एक दिवस ठरवून वाडीत थर्मास घेऊन फेरी मारली, तर एका बाटलीत पाच-सहा घरे होतात. आमच्या गटाने हे करून पाहिले आहे आणि त्याने मरतूक नक्की कमी झाली. पण यासाठी पिल्लांची उबवणीची तारीख एक असावी लागते, म्हणजे पुन्हा प्रश्न त्या चिठ्ठीवरच येतो. याच अनुषंगाने सांगते की लसीची जागा पुडीने भरून काढण्याची सवय घातक आहे. विक्रेते पिल्लांसोबत पाण्यात टाकायला कसलीशी बिननावाची पुडी देतात. कॉलिस्टिन या प्रतिजैविकाच्या खाद्यप्राण्यांतील वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, कारण माणसाच्या गंभीर आजारात डॉक्टरांच्या हाती राहिलेल्या शेवटच्या काही औषधांपैकी ते एक आहे. पुडीवर नावच नसेल तर तिच्यात काय आहे, हे घरातल्या बाईने ओळखायचे कसे?

पिल्ले घरी आणल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे म्हणजे ब्रूडिंगचा, पिल्लांना बाहेरून ऊब देऊन वाढवण्याचा काळ. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची. त्यासाठी पिल्लामागे दोन वॅट असा जुना हिशेब आहे, पण तो तारेच्या, म्हणजे पिवळ्या प्रकाशाच्या जुन्या बल्बचा. आता गावातल्या दुकानात मिळतात ते एलईडी दिवे. ते उजेड देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. दिवा लावला आहे म्हणून निर्धास्त झोपलेल्या घरात सकाळी पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरून मेलेली सापडतात. जुना ६० वा १०० वॅटचा बल्ब मुद्दाम शोधून आणावा, आणि वीज जाते त्या गावात दुसरी सोय आधीच करून ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नये. ऊब बरोबर आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, चोची उघडून लांब पळाली तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असली तर ठीक आहे. खाली भाताच्या तुसाची दोन-तीन इंच जाड, कोरडी गादी, तिच्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर मक्याचा भरडा, पाणी कोमट व गुळाचे, भांडे उथळ आणि त्यात खडे टाकलेले, म्हणजे पिल्लू बुडत नाही. त्यानंतर पिल्लांचे खाद्य द्यावे. आमच्याकडे तांदळाची कणी घालण्याची रीत आहे, पण नुसत्या कणीवर वाढलेली पिल्ले पिसांनी व पायांनी दुबळी राहतात. पावसाळ्यात गादी ओली झाली की रक्ती हगवण लागलीच समजा, म्हणून कोकणात ज्येष्ठ-आषाढात पिल्ले आणू नयेत, असे माझे मत आहे. लहान मुलांनी पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, हे तर सांगायलाच हवे.

इतकी सगळी निगा प्रत्येक घराला शक्य नसते, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून शासनाच्या योजनांविषयी दोन शब्द. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत अनुदानावर १०० एकदिवसीय पिल्ले देण्याचा एक प्रकार आहे, आणि आठ ते दहा आठवड्यांच्या २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) व तीन नर असा दुसरा. दुसरा प्रकार घरगुती पालनासाठी पुष्कळ अधिक उपयोगाचा आहे, असे मला वाटते. ज्या घरात पडवीच्या एका कोपऱ्यापलीकडे जागा नाही, तिथे १०० एकदिवसीय पिल्ले ठेवायची कुठे? राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून ग्रामीण कुक्कुट उद्योजकतेसाठी ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये अनुदान आहे. परंतु त्यासाठी किमान १००० मातृपक्षी, स्वतःचे उबवणी यंत्र आणि पिल्ले चार आठवडे वाढवण्याची सोय असा मोठा प्रकल्प उभारावा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये काहीच नाही. तालुक्यातील एखाद्या बचत गटाला केवळ पिल्ले महिनाभर वाढवण्याचे, लसी पूर्ण करण्याचे आणि मग दहा-दहा, वीस-वीसने विकण्याचे छोटे केंद्र दिले, तर घरोघरी होणारी मरतूक टळेल आणि त्या गटालाही उत्पन्न मिळेल. महिन्याचे पिल्लू महाग पडते हे खरे, पण मेलेल्या पिल्लांची किंमत जिवंत पिल्लांवर चढवून पाहिली, तर ते महाग राहत नाही.

शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. आम्हाला जवळचे कोल्हापूर. आंबा घाट चढून जायचे, आधी नोंदणी करायची, ठरलेल्या दिवशी पिल्ले आणायची, आणि हे सगळे वीस पिल्लांसाठी. गाडीभाडेच पिल्लांच्या किमतीहून जास्त होते. साहजिकच बाई दारात आलेल्या मोटारसायकलवाल्याकडून घेते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. उबवणी केंद्राने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी गोळा करून महिन्यातून एकदा पिल्ले पाठवली, तर भरवशाचे पिल्लू तिच्यापर्यंत येईल आणि त्याच दिवशी पुढच्या लसीची तारीखही ठरेल.

घरी खुडूक कोंबडी असेल तर एक जुना, बिनखर्चाचा मार्ग अजूनही उत्तम आहे. तिच्याखाली दहा-बारा दिवस अंडी बसलेली असू द्यावीत, आणि बाहेरून आणलेली एक दिवसाची पिल्ले काळोख पडल्यावर हळूच तिच्या पंखाखाली सारून अंडी काढून घ्यावीत. सकाळी ती त्यांना आपली म्हणून घेऊन उठते. दिवा नको, वीज नको. मात्र यासाठी पिल्ले खरोखर एक-दोन दिवसांचीच हवीत. चार-पाच दिवसांची पिल्ले तिला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना टोचून हाकलते. या उपायालाही पुन्हा तारीखच लागते.

शेवटचा मुद्दा सगळ्यांच्या हिताचा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा येथे आणि जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेर येथे तो आढळला. अशा वेळी रोग सापडलेल्या जागेभोवती एक किलोमीटरच्या परिसरातील पक्षी मारले जातात, त्यात परसातल्या कोंबड्याही जातात. रोग कुठून आला हे शोधताना अधिकारी पहिला प्रश्न विचारतात तो पक्षी कोठून आणले याचा. मोठ्या फार्मवर त्याचे उत्तर वहीत असते. बाजारातून घेतलेल्या पिल्लांचे उत्तर कोणाकडेच नसते, आणि तीच पिल्ले एका आठवड्यात चार तालुक्यांच्या बाजारांतून फिरलेली असतात.

विक्रेत्यांवर माझा राग नाही, हेही नमूद करते. तीही पोटासाठी उन्हातान्हात फिरणारी माणसे आहेत, आणि दलालाने जे सांगितले तेच ती पुढे सांगतात. म्हणून चिठ्ठीची सक्ती उबवणी केंद्रापासून सुरू व्हावी. प्रत्येक खोक्यासोबत केंद्रानेच दहा छापील चिठ्ठ्या द्याव्यात: केंद्राचे नाव, जात, उबवणीची तारीख, मरेक्सची लस दिली की नाही, आणि पिल्ले नर-मादी निवडलेली आहेत की सरसकट. विक्रेत्याने दर दहा पिल्लांमागे त्यातली एक द्यायची, एवढेच त्याचे काम. आठवडा बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाकडून ग्रामपंचायत कर घेऊन पावती फाडतेच. ती फाडताना चिठ्ठ्या आहेत का, हे पाहणे आणि रंगवलेली पिल्ले बाजारात बसू न देणे तिला अवघड नाही. पशुसंवर्धन विभागाने तसे पत्र ग्रामपंचायतींना आणि उबवणी केंद्रांना पाठवावे, आणि आपल्या दैनिकाने विभागाकडे याचा पाठपुरावा करावा. दसऱ्यानंतर गाद्या कोरड्या राहू लागतात आणि कोकणात पिल्लांची खरेदी पुन्हा जोरात सुरू होते. त्यापूर्वी निदान एका तालुक्याच्या बाजारांत तरी ही पद्धत सुरू करून पाहावी, अशी माझी व आमच्या गटाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
परसात कोंबड्या पाळणारी एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी